दसऱ्याला पुजलेली निळी गाडी

नोकरीत मी चाकू, कोयते, गावठी कट्टे, एकदा तर देवळाची अख्खी दानपेटी मुद्देमालात जमा करून घेतली. त्यातलं बहुतेक विसरलो. तळहाताएवढी एक खेळण्यातली गाडी मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. फिकट निळा रंग, नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध नारिंगी पट्टा आणि दारावर पांढऱ्या गोलात काळा आकडा. आठवणी लिहायला बसलो की मोठे गुन्हे मागे राहतात आणि हीच गाडी आधी कागदावर येते. त्या प्रकरणाचा छडा मी शेवटी लावला. तरीही ते माझ्या मनावरून उतरलेलं नाही. नाव कुणाचंच लिहीत नाही.

तेव्हा मी उपनिरीक्षक होतो आणि भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात माझी नेमणूक होती. नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती. शहरात लूमचा खडखडाट होताच, पण राहनाळच्या बाजूला भातशेतांत गोडाऊनं उभी राहायला लागली होती. परदेशातून आलेला माल तिथे उतरायचा आणि तिथून मुंबईत जायचा. गोडाऊनमधली चोरी म्हटली की आमचा तपासाचा एक ठरलेला क्रम असे. आधी हमाल, मग टेम्पोवाला, मग वॉचमन. सुपरवायझरचा नंबर लागतच नसे, कारण फिर्याद द्यायला तोच आलेला असे.

या वेळीही तोच आला. दसरा नुकताच झाला होता. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात एक रंगीत चित्रांचं पुस्तक. त्याने पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"साहेब, ही साधी टॉय नाही. शौकीन लोक घेतात. फ्रान्समध्ये चोवीस तासांची रेस असते ना, तिथली फेमस गाडी आहे ही. हा कलर नुसता बघितला की फॉरेनमध्ये लहान पोरगंपण नाव सांगतं. हिचे दोन कार्टन गायब आहेत. दिवाळीचा माल आहे, शेठ माझा जीव घेतील."

"संशय कुणावर?"

"हमालांच्या टोळीत एक नवीन आहे, साहेब. पडघ्याकडचा, पाड्यावरचा. बाकी सगळे जुने, घरचेच म्हणा ना."

फिर्याद मीच लिहून घेतली. त्यात नेहमीचं वाक्य घातलं, की सदर माल फिर्यादीने स्वतः तपासून, चालू व सुस्थितीत असल्याची खात्री करून ठेवून घेतला होता. असली वाक्यं हाताला इतकी सवयीची असतात की लिहिताना माणूस विचार करत नाही. गाडी चालते कशी, हेही मी विचारलं नाही. नोकराने केलेल्या चोरीचं कलम लावलं आणि रंगाचं वर्णन सगळ्या खबऱ्यांना दिलं. एवढ्या वेगळ्या रंगाची वस्तू लपून राहणार नाही, असा माझा अंदाज होता. तो बरोबर निघाला.

पडघ्याच्या नाक्यावर सरबताची गाडी लावणारा आमचा एक माणूस होता. त्याने निरोप दिला, "साहेब, तुमची निळी गाडी पाड्यावर हाय. देवाजवळ ठेवलीय."

त्यातलं 'पाड्यावर' एवढंच मी ऐकलं. 'देवाजवळ' ऐकलंच नाही.

दोन पंच आणि हवालदाराला घेऊन आम्ही गेलो. हवालदार खाडीकाठच्या गावातला, जुन्या पिढीतला, निवृत्तीला आलेला. कुडाच्या भिंतींचं घर होतं, अंगण सारवलेलं. आत भिंतीला एक फळी, फळीवर देवीची तसबीर आणि नारळ. त्याखाली कोयता, पहार आणि गोणी ओढायचा हमालाचा हूक ओळीने ठेवलेला. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची सुकलेली फुलं. त्याच ओळीत हुकाशेजारी ती गाडी होती. नारिंगी पट्ट्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

घरधनी तिशीचा, किडकिडीत. मी गाडी उचलून विचारलं, "ही कुणाची?"

"माझी हाय."

"तुझी? कुठून आणलीस?"

"गोडाऊनची. सुपरवायझरसाहेबानं दिली. डॅमेजची."

"चल, ठाण्यावर सांग."

पंचनाम्यात मी गाडीचा रंग, लांबी, आकडा सगळं नोंदवलं. कुंकवाबद्दल 'वस्तूवर लाल-पिवळे डाग' असं लिहिलं. आजूबाजूला काय काय ठेवलं होतं, ते लिहिलं नाही.

ठाण्यात सुपरवायझरला समोर उभा केला. तो हसला. "साहेब, एवढी महाग वस्तू मी हमालांना वाटीन? माझं डोकं फिरलंय का?" मला ते पटलं. टोळीतल्या हमालांना एकेक करून बोलावलं. सगळे माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत एकच उत्तर देत होते, "आम्हाला काय माहीत नाय, साहेब." मुकादमही तेच म्हणाला. सगळ्यांचं उत्तर इतकं एकसारखं आलं की खरं म्हणजे मला तिथेच संशय यायला हवा होता. पण एकसारखी उत्तरं मला हवी होती त्या बाजूची होती.

"बाकीच्या गाड्या कुठे विकल्यास?" मी त्याला विचारलं.

"एकच हाय, साहेब. येकेक दिली सगल्यांना."

"सगळे नाही म्हणतात."

उत्तरं देऊन झालेले हमाल भिंतीशी उभेच होते. त्यांच्यासमोरच मी त्याच्या कानाखाली मारली. मग पुन्हा विचारलं आणि पुन्हा मारली. तो रडला नाही, सोडा असंही म्हणाला नाही. म्हणाला, "साहेब, काय बी करा, पन टोळीतनं काढू नका."

त्या वाक्याचा अर्थ मला हवालदाराने सांगितला. त्या पाड्यावरची बरीच घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. भट्टीचा ट्रक येतो, भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारे सगळे त्यात चढतात आणि पावसाळ्याच्या तोंडालाच परत येतात. या माणसाला टोळीत घेतलं होतं म्हणून त्याचं घर यंदा पहिल्यांदाच पाड्यावर राहणार होतं. हमालांची टोळी विश्वासावर चालते. चोरीचा डाग लागलेल्याला राहनाळचं एकही गोडाऊन दारात उभं करत नाही.

हे कळूनही मी पुढचं काम केलं. दिवाळीच्या तोंडावर गोडाऊनवाले अस्वस्थ होते आणि वरिष्ठांना वर्तमानपत्रात कामगिरी दिसायला हवी होती. मी स्थानिक वार्ताहरांना बोलावलं. टेबलावर हिरवं कापड अंथरून मधोमध गाडी ठेवली. एक वार्ताहर म्हणाला, "साहेब, मुद्देमाल कुठाय? हा तर पेपरवेट दिसतोय." सगळे हसले. मला ते लागलं. मी गोडाऊनमधून दोन रिकामी खोकी मागवून टेबलावर ठेवली. मागे आम्ही उभे राहिलो आणि पुढे आरोपीला त्याच्याच टॉवेलने तोंड झाकून उभा केला. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला.

चेहरा झाकला की ओळख झाकली, असं आम्ही तेव्हा समजत होतो. ओझं वाहणाऱ्याचा एक खांदा खाली आलेला असतो. त्याच्या लोकांनी त्याला उभं राहण्यावरूनच ओळखलं.

फोटो आला त्याच दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं. मी जीपकडे जायला निघालो तर ती जीपला टेकून उभी होती.

"ए बाई, गाडीला टेकू नको," हवालदार म्हणाला.

ती बाजूला झाली. जीपच्या पुढे लावलेला झेंडूचा हार सुकून काळा पडला होता, कुणी काढला नव्हता. तिने त्याला हात लावला.

"दसऱ्याला पुजली?"

"हो, पुजतात," हवालदार म्हणाला.

"आन् बंदुका?"

"त्या पन."

मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, तुमी पुजल्या त्या बंदुका चोरीच्या व्हत्या का?"

"ए, तोंड सांभाळून," हवालदार ओरडला. ती घाबरली नाही.

"न्हाय ना? मंग चोरीची वस्तू आमी कशी देवापुढं ठेवू? तुमचा देव बघतो आन् आमचा आंधला हाय? अख्ख्या गावानं दसऱ्याला आपापली गाडी पुजली. कुनी टेम्पो, कुनी फटफटी. ह्यो म्हनला, आपली बी गाडी हाय औंदा, मोडकी का असंना. लपवायची असती तर भाताच्या कनगीत लपवली असती, साहेब. फळीवर कशाला मांडली असती?"

मी स्वतः गावाकडचा. माझ्या घरी खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ पुजला जायचा. मागून आणलेलं शेजाऱ्याचं अवजारसुद्धा आई त्या दिवशी पूजेत मांडू देत नसे. 'आपलं असेल तेच मांडा,' म्हणायची. हे मला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. तरी मी पंचनाम्यात लाल-पिवळे डाग लिहून मोकळा झालो होतो.

तिला घरी पाठवलं आणि हवालदाराला म्हणालो, "टोळीतल्या लोकांना परत बोलवा."

तो म्हणाला, "बोलवून काय उपेग, साहेब? तेच सांगतील. आपन त्यांचे घरी जाऊ. पन गाडीचा नाव काढायचा नाय. दसऱ्याचा इचारायचा."

टोळीतला सर्वांत जुना हमाल कामावर गेलेला असताना आम्ही त्याच्या घरी गेलो. घर खाडीच्या बाजूला होतं. ओटीवर त्याची आई वाल सोलत बसली होती. हवालदार तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि स्वतःही चार शेंगा हातात घेऊन सोलू लागला. आधी कुणाची सून कुठली, कुणाची सोयरीक मोडली हे सगळं झालं. मग सहज म्हणाला,

"मंग आये, औंदा दसऱ्याला काय काय पुजलंस?"

"काय पुजनार बाबा? जालं पुजलं, इला पुजला, पोराचा हूक पुजला. आनी ती निली गारी."

"निली गारी? कनची?"

"पोराला गोडाऊनशी भेटली. सगल्यांना भेटली एकेक. गोडाऊन धुतला ना दसऱ्याला, तवा."

"बघू, कुठं हाय?"

"आता कुठली? खारीन टाकली. पोलीस येतील म्हनं. मी बोलले, पुजलेली वस्तू अशी टाकू नको, तर आयकला नाय मेला."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलंही नाही. हातातल्या शेंगा सोलून झाल्यावरच उठला.

बाहेर आल्यावर सगळं जुळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोडाऊन धुवायचं, वजनकाटा आणि शटर पुजायचं आणि खराब निघालेला माल हमालांत वाटायचा, ही तिथली जुनी रीत. त्या मालाची ना पावती, ना नोंद. त्या वर्षी त्यात या गाड्या वाटल्या गेल्या. टोळीतल्या प्रत्येकाच्या घरी एकेक गाडी होती, म्हणून प्रत्येक जण गप्प होता. मुकादमाने, हे पुढे कळलं, सांगून ठेवलं होतं, ज्याच्याकडे सापडली तो बघून घेईल. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या खाडीत टाकल्या. ज्याला लपवावं असं वाटलंच नाही, तोच सापडला.

पण सुपरवायझरने एवढा महाग माल खराब म्हणून का वाटावा, हे कळत नव्हतं. मी त्याला आणि शेठना मुद्देमाल ओळखण्यासाठी बोलावलं. शेठना फोनवर विचारलं होतं की ही गाडी चालते कशी. ते म्हणाले, "साहेब, सांगून नाही समजणार. मी घेऊनच येतो." येताना एक पिशवी आणली.

सुपरवायझरच्या हातात मी गाडी दिली. "हीच ना?"

"हीच, साहेब."

"माल तुम्ही स्वतः तपासून घेतला होता?"

"एकेक पीस बघितला होता."

"मग चालवून दाखवा."

त्याने गाडी उलटी केली. सेल घालायचं झाकण शोधलं. ते नव्हतं. बटण शोधलं. तेही नव्हतं. पोटाखाली एक पिन खाली आलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांचे झुपके बाहेर आलेले होते. त्याने गाडी टेबलावर ठेवून ढकलली. ती पिनेवर अडून कलली.

"ही चालणार नाही, साहेब. वायरी बाहेर आल्यात बघा. सगळेच पीस असे आले होते. अख्खा लॉटच डॅमेज..."

तो थांबला. चौकशीत असा एक क्षण येतो, तेव्हा अधिकाऱ्याने तोंड बंद ठेवावं. हे मात्र मला तोवर येत होतं.

शेठनी पिशवीतून काळ्या प्लॅस्टिकच्या रस्त्याचे तुकडे काढले आणि माझ्या टेबलावर जोडून गोल केला. रस्त्याच्या मधोमध खाच होती आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या. त्यांनी वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावली, गाडीची पिन खाचेत बसवली आणि हातातला खटका दाबला. तांब्याचे झुपके पट्ट्यांना टेकले होते. त्यांतूनच तिला वीज मिळत होती. गाडी सूं करून सुटली. निळ्यावरचा नारिंगी पट्टा दिसेनासा झाला, इतकी जोरात. ठाण्यातले सगळे गोळा झाले.

"ये जमीन पे चलनेवाली चीज ही नहीं है," शेठ सुपरवायझरला म्हणाले. "ट्रॅक दुसऱ्या कंटेनरमध्ये आहेत. तुला विचारायला काय झालं होतं रे?"

सुपरवायझर खुर्चीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. गाड्या जमिनीवर चालेनात म्हणून तो त्यांना मोडक्या समजला आणि रीतीप्रमाणे वाटून टाकल्या. मग शेठनी माल मागितला आणि त्याची किंमत ऐकून तो चोरीची फिर्याद द्यायला धावला. नव्या माणसाचं नाव घेतलं, कारण त्याच्या बाजूने बोलायला टोळीत कुणी नव्हतं.

मी आरोपीला कोठडीतून बाहेर आणायला सांगितलं होतं. तो दारात उभा राहून फिरणारी गाडी बघत होता. तिच्यावरचं कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"चालती व्हय ही?" त्याने हवालदाराला विचारलं. बाकी काही नाही.

पुराव्याअभावी सुटकेचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो सुटला. खोट्या फिर्यादीची कारवाई मी सुचवली होती. शेठना प्रकरण वाढवायचं नव्हतं आणि वरिष्ठ म्हणाले, झालं ते पुरे. सुपरवायझरची दुसऱ्या गोडाऊनला बदली झाली. गाडी शेठच्या ताब्यात गेली. फोटो छापणाऱ्या वार्ताहराला मी सुटकेची बातमी दिली. तो म्हणाला, "साहेब, सुटला याची न्यूज होत नाही."

मग मी सकाळी गोडाऊनवर गेलो. टोळी जमायच्या वेळी, गणवेशात, मुद्दाम. सगळ्यांसमोर सांगितलं की त्या माणसाने चोरी केलेली नाही, हे मला जसं माहीत आहे तसं तुम्हा प्रत्येकाला माहीत आहे. कुणी वर बघितलं नाही. मुकादमाने तंबाखू मळत विचारलं, "मग काय करू म्हणता साहेब?"

"त्याला परत घ्या."

"घेतो. उद्यापासून पाठवा. आमचा काय वैर आहे त्याच्याशी?"

मला फार हलकं वाटलं. तसाच पाड्यावर गेलो. तो अंगणात भांडी पोत्यात भरत होता. बायको कोंबड्या टोपलीखाली घालत होती.

"मुकादम तयार आहे. उद्यापासून ये," मी म्हणालो.

त्याने पोत्याचं तोंड बांधलं. "न्हाय, साहेब. भट्टीची गाडी येनार हाय."

"आता कशाला जातोस? तुझं नाव निघालं ना त्यातून."

"नावाचं न्हाय, साहेब. गोनी दोघांनी उचलायची असते. टेम्पोला लावलेल्या फळीवरनं चालताना दुसऱ्यानं हात सोडला तर पाय जातो. ते समदे माझ्याम्होरं उभे व्हते. तुमी मारत व्हता, ते बघत व्हते. आता त्यांच्यासंगं गोनी कशी धरू?"

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं काय, साहेब, तुमी तर पोलीस." त्यात टोमणा नव्हता. पोलिसाकडून त्याने दुसरी अपेक्षाच ठेवली नव्हती, आणि हे मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. बायको एवढंच म्हणाली, "पानी देऊ का साहेबाला? हंडा बांधला नाय अजून."

पाणी पिऊन मी निघालो.

त्यानंतर नोकरीभर, न्यायालयाचा निकाल लागण्याआधी एकाही आरोपीला मी फोटोसाठी उभा केला नाही. सहकारी चेष्टा करायचे, वरिष्ठ चिडायचे. पंचनाम्यात वस्तूबरोबर ती कुठे आणि कशी ठेवली होती, हेही लिहायला लागलो. नव्या पोरांना शिकवताना सांगत आलो, की सगळे एकच उत्तर देत असतील तर त्यांना कशाची भीती आहे ते आधी बघा. हे सगळं त्या प्रकरणाने मला शिकवलं. पण त्या शिकण्याची किंमत दुसऱ्याने भरली, हे मला अजून पचत नाही. निर्दोष ठरवणं हे कायद्याचं काम होतं, ते उशिरा का होईना झालं. कायद्याच्या कागदावर त्याचं नाव स्वच्छ आहे. गोणीचं दुसरं टोक धरायला विश्वासाचा एक माणूस त्याला हवा होता. तो मला परत मिळवून देता आला नाही.